धावजी आडेची ओंजळ

धावजी आडेला मिलमध्ये कुणी विचारलं, "भाऊ, ढोरं किती तुमच्याकडं?" तर तो सांगायचा, "मोजता येत नाही बाप्पा," आणि मिलच्या मागच्या टाकीकडे बोट दाखवायचा. विचारणारा टाकीत डोकावायचा. आत तपकिरी पाणी खदखदतंय, वर फेस, आणि वास ओल्या मातीचा. ढोर एकही नाही. मग धावजीला भारी मजा यायची. "दिसत नाही ना? मलेही दिसत नाही. पण खातात, हगतात, मरतात. सारं ढोरावाणीच."

ही ढोरं म्हणजे जिवाणू. यवतमाळहून घाटंजीकडे जाताना जीन्सचं कापड रंगवणारी ती मिल होती. तिचं रंगाचं, खळीचं, सोड्याचं पाणी या टाकीत यायचं आणि हे न दिसणारे जीव त्यातली घाण खाऊन टाकायचे. त्यांना हवा लागायची, म्हणून तळातून मोठाले ब्लोअर अहोरात्र हवा फुंकत असायचे. खाऊन जड झालेले जीव पुढच्या टाकीत तळाशी बसायचे आणि वरचं निवळलेलं पाणी नाल्याला लागायचं. तोच नाला पुढे दोन कोसांवर सालईच्या तांड्याला वळसा घालून जायचा. धावजी त्याच तांड्यातला.

मिल सुरू झाली तेव्हा तो फाटकावर चौकीदार होता. टाकीत जीव धरायला साहेब लोकांनी पुण्याहून पावडरीचे डबे मागवले. आठ दिवसांत सगळं मेलं. पुन्हा डबे आले, पुन्हा मेलं. शेवटी या चौकीदारानं भीत भीत तोंड उघडलं, "साहेब, शेण टाकून पाहा. संग थोडा गूळ." साहेब हसले, पण टाकलं. सालईच्या तांड्यातून सात ट्रॉल्या शेण आलं. महिना-दीड महिन्यात टाकीला मातीचा वास सुटला आणि धावजीच्या हातातली काठी जाऊन काचेचं उभं नळकांडं आलं. रोज सकाळी त्यात टाकीचं पाणी भरायचं, अर्धा तास हलवायचं नाही, गाळ किती बसतो ते बघायचं. धावजी बघायच्या आधीच सांगायचा. वासावरून, फेसावरून. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवला होता. जनावर उपाशी आहे का आजारी, हे ओळखायला त्या लोकांना डॉक्टर लागत नव्हता. धावजी म्हणायचा, "आमची लदेणी गेली, पण ढोरं काही सुटली नाही."

आता ओंजळीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडकतं.

मिल आली तेव्हा तांडा बिथरला होता. नाल्यावर जनावरं पितात, पोळ्याला बैल तिथंच धुतात, आणि त्यात हे रंगाचं पाणी येणार. नायकानं, म्हणजे तांड्याच्या मुख्यानं, धावजीला सगळ्यांदेखत विचारलं, "तू त्यायचा नोकर. आमच्या बैलायचं काय?" पोळ्याच्या सकाळी धावजी नाल्यात गुडघाभर उतरला, ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर प्यायला. मग म्हणाला, "मी पेल्याबिगर तुमचा बैल पेणार नाही. हा माहा शबुद." दिवसभर लोकांनी त्याच्याकडे चोरून पाहिलं, याला काही होतंय का म्हणून. संध्याकाळी त्यानं चार पुरणपोळ्या चेपल्या, तेव्हा कुठं तांड्याचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दर पोळ्याला आधी धावजीची ओंजळ, मग बैल. बारा वर्षं झाली. त्याच्या बायकोला, सुखीबाईला, हे कधी आवडलं नाही. ती म्हणायची, "लोकायच्या बैलापायी सोताच्या पोटात कारखाना कायले ओतता?" पण त्या दिवशी नवं लुगडं नेसून नाल्याच्या काठावर सगळ्यांच्या पुढे तीच उभी असायची.

मग दांड्या आल्या.

सरकारी फर्मान निघालं की टाकीत सेन्सर बसवा आणि आकडे थेट मुंबईच्या सर्व्हरला पाठवा. एक दांडी टाकीत, पाण्यात हवा किती आहे ते सांगणारी. दुसरी नाल्याला लागणाऱ्या पाण्यात, घाण किती उरली ते सांगणारी. हवा भरपूर असली की ब्लोअर आपोआप मंद, कमी पडली की जोरात. आणि फाटकाबाहेर मोठी पाटी: आकडे ठीक तर हिरवे, बिघडले तर लाल. हे सगळं बसवून घ्यायला क्षितिज सर आले. यवतमाळच्या जुन्या नोकरदार घराण्यातला पोरगेला इंजिनिअर; आजोबा कचेरीत, वडील बँकेत, आणि हा शेणाच्या टाकीवर. वागायला मात्र गोड. धावजीला कायम "धावजीभाऊ" आणि "तुम्ही".

लोकांना वाटलं, धावजी आता दांडीचा दुस्वास करणार. झालं उलटंच. पहिल्याच आठवड्यात धावजीनं वास घेऊन सांगितलं, "हवा कमी पडून राह्यली," आणि दांडीचा आकडा अर्धा तास आधीच घसरलेला निघाला. धावजी खूश झाला. "हे तर माह्या नाकापेक्षा तेज हाय." दांडीच्या टोकाला बुळबुळीत थर धरतो आणि ती खोटं बोलायला लागते, हे क्षितिज सरांनी एकदाच सांगितलं. तेव्हापासून जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं रोज सकाळी टोक पुसायचं, हा त्याचा नेम झाला. देवाच्या टाकालाही तो एवढा जपत नसेल.

तांड्यातल्या तरुणांना त्यानं फाटकावर नेऊन पाटी वाचायला शिकवलं. पुढे पुढे होता त्याचा पुतण्या इंद्रजीत, ज्याच्या बैलजोडीचं सगळ्या तांड्याला कौतुक. धावजी म्हणाला, "मी आज हाय, उद्या नाही. माणूस खोटं बोलीन, हे बोलत नाही. हिरवं हाय तोवर बिनघोर राहा." हे त्यानंच शिकवलं, दुसऱ्या कुणी नाही.

तीन वर्षं ठीक गेली. मग ते साल आलं, ज्याच्या दिवाळीत बोंडअळीनं सगळा जिल्हा झोडपला. पण मिलचं कंबरडं त्याच्या आधीच मोडलं होतं. कापसाचा धंदा बसलेला, दोन पाळ्यांची एक झालेली. अशात जुलैच्या शेवटी काळ्या जीन्सची मोठी ऑर्डर मिळाली आणि मिल पुन्हा रात्रंदिवस धडधडायला लागली. काळा रंग म्हणजे गंधकाचा रंग. टाकीत काळंकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी दुपटीनं यायला लागलं. ब्लोअर पूर्ण जोरात, तरी हवा पुरेना. पाटी दोनदा लाल झाली. सर्व्हरवरून इशारा आला. तिसऱ्या इशाऱ्याला मिलला टाळं.

धावजी म्हणाला, "सर, चार दिवस काळं पाणी थोडं थोडं सोडा. ढोरायले सवय होऊ द्या. एकदम एवढं टाकलं तर मरतीन."

क्षितिज सर डोकं धरून बसले होते. "ऑर्डर थांबत नाही हो, धावजीभाऊ. वरून फोनावर फोन. एक बादली आहे का तुमच्याकडे, स्वच्छ?"

धावजीला वाटलं, हातपाय धुवायला हवी असेल. सुखीबाईनं घाटंजीच्या बाजारातून आणलेली पांढरी बादली त्यानं दुसऱ्या दिवशी सायकलला अडकवून आणली. सरांनी तीत बोअरचं पाणी भरलं आणि दोन्ही दांड्या त्यांच्या जागेवरून काढून बादलीत उभ्या केल्या. पाटी झर्रकन हिरवी झाली. पण घाणीचा आकडा जवळजवळ शून्यावर. शून्य बघून मुंबईत कुणालाही संशय आला असता. सर म्हणाले, "चहा आहे का? बिनदुधाचा?" अर्धा कप काळा चहा बादलीत गेला. आकडा वर चढला आणि जिथं हवा तिथं थांबला. सर हसले. धावजीही हसला, खोटं कशाला सांगा. असली अक्कल त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

हसू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "सर, पोळा तीन हप्त्यावर आला. मले ते पाणी प्या लागते."

"आठच दिवस. ऑर्डर संपली की दांड्या परत जागेवर. मिल बंद पडली तर तुमच्या तांड्यातले नऊ जण घरी बसतील, ते बघा."

नऊ जण. धावजीनं त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणले आणि होकाराची मान हलवली. त्यानं मान हलवली, हे कुठं लपवण्यात अर्थ नाही.

दोन दिवसांत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, जी एवढं शिकलेल्या सरांच्या आली नव्हती. टाकीतली दांडी काही नुसती सर्व्हरला आकडे पाठवत नव्हती; ब्लोअर तिच्याच हुकमावर चालायचे. बादलीतल्या पाण्यात हवा भरपूर, म्हणून यंत्रानं ब्लोअर मंद केले. अगदी मंद. जेव्हा ढोरांना दुप्पट हवा हवी होती, तेव्हा त्यांचं नाक दाबलं गेलं. धावजी धावत गेला. सर दचकले. म्हणाले, "अरे, हो की! दांड्या बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावतो, पासवर्ड त्याच्याकडे आहे." तो माणूस नागपूरचा, आज येतो, उद्या येतो करत राहिला. तेवढ्यात विजेचा खर्च उतरल्याबद्दल मोठ्या साहेबांनी क्षितिज सरांची पाठ थोपटली. त्यानंतर सरांनी त्या माणसाला फोन करणंच सोडून दिलं. भिडस्त माणसं अशीच घात करतात. कुणालाच नाही म्हणवत नाही त्यांना.

टाकीचा मातीचा वास गेला. फेस आधी पांढरा, साबणासारखा झाला, मग तोही गेला. नळकांड्यात गाळ बसेना, वरखाली काळं पाणीच. धावजीनं तांड्यातून पोतीच्या पोती शेण वाहिलं, घरचा गूळ टाकला, बांबूनं टाकी ढवळली. हवेवाचून सगळं वाया. आणि या सगळ्या धांदलीत रोज सकाळी एक काम तो चुकला नाही. बादली ओतायची, घासायची, ताजं पाणी भरायचं, अर्धा कप काळा चहा टाकायचा, दांड्यांची टोकं मऊ फडक्यानं पुसून आत ठेवायची. एवढी नाजूक वस्तू शिळ्या पाण्यात ठेवणं त्याच्या जिवाला पटत नव्हतं. दांडीचा त्यात काय गुन्हा, असं त्याला वाटायचं.

आठाचे सतरा दिवस झाले. पावसाळ्यात ढोरं शिवारातल्या डबक्यांवर पीत होती, म्हणून तांड्यात अजून कुणाला काही कळलं नव्हतं. सुखीबाईनं त्याचा उतरलेला चेहरा पाहून सगळं काढून घेतलं. म्हणाली, "आत्ताच्या आत्ता नायकाले सांगा."

"चार दिवस थांब. सर म्हणतात, पोळ्याच्या दिवशी नाल्यात थेंब सोडत नाही. तोवर ढोरं उभी करतो मी."

"तुमची ढोरं मेली, रंजिताचे बापू. खरी ढोरं तरी वाचवा."

रंजिता त्यांची लेक, पुसदला दिलेली. धावजी उठून बाहेर गेला. त्याला लाज वाटत होती. इतक्या वर्षांत तांड्यासमोर त्याची मान कधी खाली गेली नव्हती, आणि ती घालायला तो एकेक दिवस पुढे ढकलत होता.

पोळ्यासाठी अडवून धरलेल्या काळ्या पाण्यानं आदल्या दिवशी मिलची साठवणीची टाकी काठोकाठ भरली. सर पोळ्याला घरी गेलेले, फोन बंद. रात्री पाळीवरच्या माणसानं झडप उघडून ते नाल्यात सोडलं.

सकाळी धावजी नाल्यावर आला. पाऊस होऊन गेलेला, पाणी गढूळ, मातीचा रंग सगळं झाकत होता. बैल सजायचे होते, पोरं त्यांना धुवायला घेऊन आली होती. डफडं वाजत होतं. सगळे त्याच्याकडे पाहून बाजूला झाले, दरवर्षीसारखे. धावजी गुडघाभर पाण्यात उतरला. ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. तोच सडक्या अंड्याचा वास. त्यानं ओंजळ सोडून दिली.

"नाही पेत मी. पाणी मेलं हाय. कुणी बैल उतरवू नका."

डफडं थांबलं. नायक म्हणाला, "काय बोलून राह्यला धावजी? सणाच्या दिवशी?"

धावजीनं सगळं सांगितलं. बादली, चहा, ब्लोअर. काळ्या चहाचं ऐकून मागं कुणीतरी खिदळलं. इंद्रजीत पुढे आला. तो वाईट पोरगा नव्हता, काकावर त्याची मायाही होती. म्हणून तर तो इतका हळू बोलला. "काका, मी आत्ताच फाटकावर गेलतो. पाटी हिरवी हाय. तीन हप्ते झाले, एक डाव लाल नाही झाली. तुमीच सांगतलं ना, माणूस खोटं बोलीन, पाटी बोलत नाही?"

"ते पाणी बादलीतलं हाय रे!"

"मशीन आल्यापासून तुमाले कोणी इचारत नाही, म्हणून तुमी असं करून राह्यले का?"

सुखीबाई ओरडली, "अरे, तो पेत नाही म्हनते, हे कमी हाय का?" पण उन्हं चढत होती, तोरण बांधून झालं होतं. दोन पोरांनी बैल पाण्यात घातले. इंद्रजीतच्या थोरल्या बैलानं मान फिरवली, पाय रोवले. पोरांना वाटलं, अंघोळीला नखरे करतोय. कासरा ओढून त्याला आत घेतला, पाठीवर पाणी मारलं, आणि तहानलेलं जनावर अखेर प्यायलं. मग इतरही प्याले. धावजी तोवर पाण्यातच उभा होता. एका बैलाच्या वेसणीला हात घालायला गेला, तर कुणीतरी त्याला बाजूला सारलं.

तोरण सुटायच्या आधी इंद्रजीतचा थोरला बैल थरथरायला लागला. दिवस मावळायच्या आत गेला, शिंगांना बेगड तसंच. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेला, सात आजारी पडले. घाटंजीहून जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, पाण्यातून काही गेलं असावं, नक्की सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी तपासणीला प्रदूषण मंडळाच्या अधिकारी बाई आल्या. भैरवी मॅडम. तोवर दांड्या जागेवर परत गेल्या होत्या, नागपूरचा माणूस एका रात्रीत उगवला होता आणि ब्लोअर गर्जत होते. धावजीनं मॅडमना बादली दाखवली, आतला चहाचा तपकिरी डाग दाखवला. क्षितिज सर जमिनीकडे पाहत म्हणाले, "मॅडम, इथं सगळेच चहा पितात."

मॅडमनी सर्व्हरचे कागद उलगडले. एकवीस दिवसांची सरळ, शांत रेघ. मग धावजीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. बादलीचा प्रकार आम्ही इतर ठिकाणीही धरलाय. पण ती शिळ्या पाण्यानं पकडली जाते, धावजीभाऊ. दोन-तीन दिवसांत पाणी नासतं, दांडीवर थर चढतो, आकडा घसरतो आणि आमच्याकडे इशारा वाजतो. एक दिवस जरी हा आकडा हलला असता, तर मी त्याच दिवशी इथं आले असते. इथं तो हललाच नाही. कसं काय?"

धावजीच्या खिशात ते मऊ फडकं होतं.

रोजच्या नोंदवहीत सही त्याचीच होती. "कामात हयगय" असं लिहून मिलनं त्याला काढलं. क्षितिज सरांनी निघताना त्याच्या हातात हात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि पुढल्या महिन्यात बढतीवर दुसऱ्या मिलला गेले. तांड्यानं त्याला वाळीत टाकलं नाही; तसं केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. लोक एवढंच म्हणायचे की याला वीस दिवस ठाऊक होतं. आणि ते खरंच होतं. चौकीदारानं त्याचं सामान घरी आणून दिलं: डबा, छत्री, बादली. चहाचा डाग सुखीबाईनं राखेनं घासून काढला.

पुढल्या पोळ्याला नाल्यावर कुणी गेलं नाही. बैल हापशावर धुतले. धावजी पहाटेच उठला, विहिरीचं निवळ पाणी शेंदलं, आधी स्वतः ओंजळभर प्यायला, मग बादली भरून दारासमोर ठेवली. इंद्रजीत उरलेला एकटा बैल घेऊन त्या वाटेनं आला. बैलाला पाण्याचा वास लागला, त्यानं बादलीकडे मान वळवली.

"पाजून घे," धावजी म्हणाला. "आत्ताच भरली. मी पेलो हाय."

इंद्रजीतनं बादलीकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. त्यानं कासरा आपल्याकडे ओढला.

"तुमच्या बादलीचं नको, काका," तो म्हणाला आणि बैलाला हापशाकडे घेऊन गेला.

धावजी उंबऱ्यावर बसून राहिला. ऊन बादलीपर्यंत आलं, तेव्हा सुखीबाईनं ती उचलली आणि पाणी लिंबाच्या मुळाशी ओतून दिलं.